कादंबरीच्या कामाच्या नोंदी: दुसऱ्या खर्ड्यापासून पुढे

४ जून २०२३

पहिला खर्डा पूर्ण करून मुद्दाम बाजूला ठेवला होता, तो आज उघडला. साधारण ५२ हजार शब्द, १९ प्रकरणं. नायिका सुमन, दिवाणी न्यायालयातली लघुलेखिका. जन्मभर दुसऱ्यांच्या साक्षी टिपून घेतलेली ही बाई निवृत्तीनंतर भावानं लावलेल्या वाटणीच्या दाव्यात स्वतःच पिंजऱ्यात उभी राहते. कथानक दोन ओळींत सांगितलं की ऐकणारा मान डोलावतो. लिहिलेलं वाचताना मात्र डोलणं राहतं बाजूला, डुलकी येते.

या नोंदींमागचं कारण व्यवहारी आहे. नोकरी सांभाळून लिहायचं तर काल कुठे थांबलो ते आज आठवत नाही आणि बसल्या बसल्या पहिला अर्धा तास ते आठवण्यातच जातो. म्हणून उठण्याआधी दोन ओळी लिहायच्या: आज काय झालं, उद्या कुठून धरायचं.

उद्या: पहिली तीन प्रकरणं फक्त वाचायची. पेन हातात घ्यायचं नाही.

९ जून

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप टपाल खात्यातली नोकरी करत पहाटे साडेपाचला लिहायला बसे. समोर घड्याळ, दर पाव तासाला २५० शब्द. कादंबरी हाती घेतली की तो आठवड्यांचे रकाने आखून ठेवायचा आणि रोजची पानं त्यात भरायचा, म्हणजे आळसात गेलेला दिवस कोरा रकाना होऊन समोर राही. हे त्यानंच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. ते त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ मध्ये आलं.

मीही हौसेनं रकाने आखले. पण दुसऱ्या खर्ड्यात शब्दमोजणी चालत नाही. आज दिवसभरात जवळपास ८०० शब्द कापले आणि दुसरं प्रकरण पहिल्यांदाच श्वास घेऊ लागलं. आता हा हिशेब रकान्यात कसा मांडायचा, उणे ८००? तेव्हा शब्दांऐवजी प्रसंग मोजायचे असं ठरवलं. या प्रसंगानंतर गोष्टीत काय बदललं, एवढा एकच प्रश्न. काहीच बदललं नसेल तर प्रसंग लाल.

२१ जून

प्रास्ताविकाचं प्रकरण काढलं. भाषा चांगली होती, तीच तिची अडचण.

८ जुलै

ओळखीतून एका निवृत्त लघुलेखिकाबाईंशी बोलणं झालं. साक्षीची प्रकरणं त्यांना आधीच पाठवली होती. वयानं माझ्या आईएवढ्या, त्यामुळे पहिल्या मिनिटापासून ‘अगं’.

"अगं, असे प्रश्न-उत्तरं कोण लिहून घेतं? वकील विचारतो, साक्षीदार बोलतो, ते ऐकून न्यायाधीश मजकूर सांगतात आणि आम्ही तो घेतो. कागदावर प्रश्न नसतो, फक्त उत्तर असतं. एखाद्या वेळी अडलंच तर प्रश्न जसाच्या तसा घेतात, एरवी नाही."

आणि त्याहून मोठा दणका म्हणजे, कादंबरीच्या केंद्रातला प्रसंग, ज्यात सुमनचा वकील हळुवार प्रश्न विचारत तिचं लहानपण उलगडतो, तो घडूच शकत नाही. दिवाणी दाव्यात सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराची त्याच्याच बाजूनं घेतलेली साक्ष, शपथपत्रावर येते, कायद्यातल्या २००२ च्या दुरुस्तीपासून. तोंडी होते ती उलटतपासणी. म्हणजे सुमनला प्रेमानं विचारणारं न्यायालयात कोणीच नाही. जे काही बोलायचं ते विरुद्ध बाजूच्या वकिलासमोर.

फोन ठेवला आणि तीन प्रकरणं एका बोलण्यात गेली म्हणून हताश झाले. रात्री मात्र एक गोष्ट डोक्यात घोळायला लागली. बाईंनी नमुना म्हणून चार वाक्यं म्हणून दाखवली होती, ती मी उतरवून घेतली होती:

‘घराचा वरचा मजला वडिलांनी बांधला. खर्च कोणी केला ते मला सांगता येणार नाही. हे म्हणणे खरे नाही की, वादीने त्यासाठी पैसे दिले. हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.’

यात प्रश्न नाहीत, पण प्रत्येक वाक्यामागे कुणीतरी बोट रोखून उभं असलेलं दिसतं. वकिलाच्या तोंडी मी घातलेली पानंच्या पानं हे एकटं ‘हे म्हणणे खरे नाही की’ करून टाकतं. आरोप आणि इन्कार एका श्वासात, तेही आरोप जसाच्या तसा कागदावर ठेवून.

उद्या: अकरावं प्रकरण, प्रश्नांशिवाय.

१९ जुलै

अकरावं जमलं नाही. कागदाची भाषा आली, पण सुमन गेली. बारावं प्रकरण अकराव्याच्या आधी आणून बघायचं.

११ ऑगस्ट

लिहिलं नाही.

३ सप्टेंबर

मैत्रिणीला पूर्ण खर्डा वाचायला दिला होता. तिनं वेळ घेऊन, समासात खुणा करून परत दिला. चहूकडे ‘छान’, ‘हे आवडलं’. प्रकरण नऊ ते तेराची पानं मात्र कोरी. विचारलं तर म्हणाली, "तिथं मी जरा चाळलं गं."

आतापर्यंत मिळालेला सर्वांत उपयोगी अभिप्राय हाच. वाचणाऱ्याला ‘काय आवडलं नाही’ असं विचारलं की तो आपलं मन सांभाळतो. ‘कुठे चाळलंस’ विचारलं की खरं बोलतो. यापुढे हाच प्रश्न.

२९ ऑक्टोबर

नऊ ते तेरा फोडून पुन्हा जुळवायचं काम महिनाभर चालू आहे. भिंतीवर चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक प्रसंग. त्यातून एक गोष्ट ठळक दिसली: या पाच प्रकरणांत सुमन सगळं आठवते, पण काही करत नाही. आठवण हा प्रसंग नव्हे. आठवणीमुळे ती उठून काही करते तेव्हा तो प्रसंग होतो. उदाहरणार्थ, वडिलांच्या हस्ताक्षरातली हिशेबाची वही तिला सापडते. पहिल्या खर्ड्यात ती वही उघडून तीन पानं भूतकाळात जायची. आता ती वही वकिलाला न दाखवता पिशवीच्या तळाशी घालते आणि ओटीवर बसलेल्या भावासमोरून बाहेर पडते. भूतकाळाला एक परिच्छेद पुरला.

तेरावं प्रकरण राहिलंच नाही. कुणाला चुकल्यासारखंही वाटणार नाही.

१४ जानेवारी २०२४

एका प्रकाशन संस्थेकडे पाठवलं: एका पानाचा सारांश, पहिली तीन प्रकरणं, माझी चार ओळींची माहिती. सारांश लिहायला प्रकरण लिहिण्यापेक्षा जास्त वेळ गेला. त्यात शेवट सांगायचा असतो, हे सारांश आणि मलपृष्ठ यांची गल्लत करणाऱ्यांना उमगत नाही. संपादकाला उत्सुकता नको असते, गोष्ट शेवटाला पोहोचते की नाही ते बघायचं असतं.

जाता जाता एक तांत्रिक नोंद. त्यांना जुन्या फाँटमधली प्रत हवी होती, माझं सगळं युनिकोडमध्ये. रूपांतर केल्यावर रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले आणि काही जोडाक्षरांच्या जागी चौकोन आले. सुमनचे वडील ‘कर्ते पुरुष’ होते, त्यांचं काय झालं ते लिहवत नाही. ओळन् ओळ हातानं तपासली. यापुढे फाइलसोबत पीडीएफ जोडायचीच, म्हणजे मूळ काय होतं ते त्यांना दिसेल.

२२ मार्च

साभार परत. दोन ओळींचं पत्र, ‘आमच्या प्रकाशन नियोजनात बसत नाही’. नावापुढे ‘श्री.’ लावलंय.

२३ मार्च

काल नोंद थोडक्यात आटोपली, आज लिहिते. पत्र वाचून रडू आलं नाही. वाटलं ते असं, की त्यांना ते दिसलं. म्हणजे माझ्या लिहिण्यात काहीतरी मुळातच नाही आणि ते मला सोडून सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. या पत्रातून तसं काहीच सिद्ध होत नाही, हे कळतं. दोन ओळींच्या छापील उत्तरात कादंबरीबद्दल एक शब्द नाही. तरी मनानं त्या दोन ओळींतून माझ्यावर चांगलं दहा पानी निकालपत्र लिहून काढलं.

आज काम: शून्य. उद्या: पाचवं प्रकरण, शुद्धलेखन. त्याला आत्मविश्वास लागत नाही.

७ एप्रिल

मैत्रिणीनं धीर म्हणून नाकारल्या गेलेल्या लेखकांची यादी पाठवली. लाम्पेदूसा: इटलीतल्या दोन मोठ्या प्रकाशन संस्थांनी कादंबरी परत केली, १९५७ मध्ये तो गेला, १९५८ मध्ये पुस्तक आलं आणि १९५९ मध्ये त्याला स्त्रेगा पुरस्कार मिळाला. पेनेलपी फिट्झजेराल्ड: पहिली कादंबरी १९७७ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, आणि दोनच वर्षांत बुकर.

खरं सांगायचं तर अशा याद्यांचा मला धीर येत नाही, चीड येते. या यादीत फक्त तेच आहेत ज्यांचं पुढे नाव झालं. ज्यांची हस्तलिखितं परत आली आणि ती परत येण्याच्याच लायकीची होती, त्यांची यादी कोण करणार? नकार आला म्हणून लेखन कमअस्सल ठरत नाही, तसंच नकार आला म्हणून ते थोरही ठरत नाही. नकारातून एवढंच कळतं की या टेबलावर, या वेळी नाही.

लाम्पेदूसाचं मात्र एक मनात राहिलं, त्याच्या पुरस्काराशी संबंध नसलेलं. शेवटच्या काही वर्षांत त्या माणसानं ती कादंबरी लिहून पुरी केली. पुस्तक हातात येईल की नाही हे कामाच्या वेळी त्याला माहीत नव्हतं. मलाही नाही. एवढीच बरोबरी.

१८ मे

एका लेखन-शिष्यवृत्तीची यादी लागली. नाव नाही. आठवं प्रकरण चालू.

३० जून

आज एका प्रकाशकांचा फोन आला. पुस्तक घ्यायला तयार. पहिली पाच मिनिटं पाय जमिनीवर नव्हते. मग ‘लेखकाचा खर्चात सहभाग’ हे शब्द आले, त्यामागून ठरावीक प्रती लेखकानंच विकत घेण्याची अट आली. संपादन कोण करणार विचारलं तर ‘तुमची भाषा चांगलीच आहे’. वितरण कसं, याला ‘ते आपण बघू’. बोलताना ते सुमनला ‘तुमचा नायक’ म्हणत राहिले.

स्वतःला पटवून बघितलं. प्रूस्तनंही १९१३ मध्ये आपल्या महाकादंबरीचा पहिला खंड पदरचे पैसे घालून छापलाच की, तोही इतरांनी नाकारल्यावर. नाकारणाऱ्यांपैकी आंद्रे जीदनं पुढच्याच वर्षी पत्र लिहून त्याची माफी मागितली. पण प्रूस्तकडे पैसा होता आणि आपलं पुस्तक कसं हवं हे त्याला पुरतं ठाऊक होतं. माझ्याकडे आठवं प्रकरण अजून लंगडं आहे. स्वखर्चानं पुस्तक काढण्यात कमीपणा काहीच नाही. उघडपणे, सगळा हिशेब समोर ठेवून काढलं तर तो एक सरळ मार्ग आहे. इथं मात्र कोणीही न वाचलेलं पुस्तक माझ्याच पैशानं मलाच विकलं जाणार होतं.

नाही म्हटलं. मग दिवसभर वाटत राहिलं, हे एकमेव ‘हो’ होतं.

२५ ऑगस्ट

बऱ्याच दिवसांत नोंद नाही, कारण नोंदवण्यासारखं काही नाही. याच विषयावरची, म्हणजे न्यायालय, भाऊ-बहीण, घर, एक कादंबरी बाजारात आलीय. चांगली आहे. ती चांगली असण्याचाच त्रास जास्त झाला.

जॉन स्टाइनबेक १९३८ मध्ये आपली मोठी कादंबरी लिहीत असताना शेजारी रोजनिशी ठेवायचा. मे अखेरपासून ऑक्टोबरपर्यंतच्या त्या नोंदी १९८९ मध्ये छापून आल्या. आपण लेखकच नाही, स्वतःला आणि लोकांना फसवतोय, असं तो तिथं लिहितो. पाहुण्यांवर, शेजारच्या ठोकाठोकीवर, स्वतःच्या आळसावर कुरकुर करतो. आणि त्याच नोंदीत त्या दिवशी कोणता भाग लिहायचा तेही लिहितो. कादंबरी पुढच्या वर्षी आली, १९४० मध्ये तिला पुलित्झर मिळालं. ते सोडा. मला धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीनं: हे लिहिताना तो नवखा नव्हता, त्याची आधीची पुस्तकं जोरात खपत होती. म्हणजे पुस्तक छापून आल्यावर ही शंका जाईल, हा माझा हिशेब खोटा. ती जाणारच नसेल तर ती गेल्यावर लिहू म्हणून थांबण्यात काय हशील?

उद्या: ती दुसरी कादंबरी पुन्हा वाचायची, पण कामासाठी. तिच्यात भाऊ कसा आहे?

१२ सप्टेंबर

आणखी एका संस्थेकडून नकार. पण या वेळी पत्र दीड पानाचं. कुणीतरी पूर्ण वाचलंय. न्यायालयाची भाषा त्यांना आवडली, वहीचा प्रसंग आवडला. पुढे:

भावाचं पात्र दावा लावण्यापुरतं आहे, त्याला दावा लावावासा का वाटला हे लेखिकेलाही माहीत नसावं. सुमन जिंकते कारण लेखिकेनं तिला जिंकवायचं ठरवलंय.

शब्द माझे, आशय त्यांचा. वाचून आधी राग आला, संध्याकाळपर्यंत उतरला, आणि रात्री वही उघडून भावाचं नाव लिहून बसले तर खरंच, त्याच्याबद्दल लिहायला माझ्याकडे चार वाक्यं नव्हती.

मार्चमधली नोंद काढून बघितली. तेव्हाची शंका आणि आजची शंका पोटात सारखीच ढवळते. फरक पुढे आहे. ‘भाऊ पोकळ आहे’ यातून उद्याचं काम निघतं. ‘माझ्यात मुळात काही नाही’ यातून काहीच निघत नाही, कुठलं पान उघडायचं ते कळत नाही. आजपासून वहीच्या डाव्या पानावर पुस्तकाबद्दलच्या शंका, उजव्या पानावर माझ्याबद्दलच्या. डावं पान कामाला घ्यायचं. उजवं तारीख घालून तसंच सोडायचं. त्याच्याशी वाद घालत बसले तर सकाळ त्यातच जाते, हे पुरेसं अनुभवलंय.

६ ऑक्टोबर

भावाला नाव दिलं: मधुकर. आतापर्यंत तो नुसता ‘भाऊ’ होता, यावरूनच काय ते समजावं.

उजवं पान भरत चाललंय. डावंही.

१७ नोव्हेंबर

हार्पर ली यांचं हस्तलिखित १९५७ मध्ये एका संस्थेनं घेतलं आणि मग संपादक टे होहॉफ यांनी ते जवळजवळ नव्यानं लिहून घेतलं. मोठी होऊन घरी परतलेल्या मुलीची गोष्ट होती, ती तिच्या लहानपणात गेली. पुस्तक आलं १९६० मध्ये. जुनं हस्तलिखित २०१५ मध्ये छापलं गेल्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात. मी बघितली. माणसं तीच, गाव तेच. बदलली ती उभं राहण्याची जागा, आणि त्यासरशी वडील वेगळेच दिसायला लागतात. पुनर्लेखन म्हणजे वाक्यं घासणं असा माझा इतके दिवस समज होता, तो इथं गेला.

माझ्याकडे उभं राहायला दुसरी जागा कुठली? अकराव्या प्रकरणाची फसलेली प्रत उघडली. तिच्यात कागदाची भाषा होती, पण सुमन हरवत होती. तीच भाषा मधुकरला दिली तर?

१ डिसेंबर

मिळालं. मधुकरची उलटतपासणी, पूर्ण प्रकरण, एकही प्रश्न नाही. सुरुवात अशी:

‘प्रतिवादी ही माझी सख्खी बहीण आहे. ती लघुलेखिका होती. ती घरी फारसे बोलत नसे. हे म्हणणे खरे आहे की, वडिलांच्या आजारपणात ती रजा घेऊन राहिली. हे म्हणणे खरे नाही की, त्या काळात मी घरी येत नव्हतो. मी रोज येत होतो. मी दारातून परत जात होतो. त्याचे कारण मला सांगता येणार नाही.’

‘मी दारातून परत जात होतो’ हे वाक्य मी योजलेलं नव्हतं. आधीच्या वाक्यातल्या नकारामुळे त्याला पुढे काहीतरी बोलणं भाग पडलं आणि तो हे बोलला. पहिल्यांदाच मला माहीत नसलेलं काही त्याला माहीत होतं. तो दारातून का परत जात होता, हे शोधण्यात आता पुढची प्रकरणं जाणार. सुमनला जिंकवायचं की नाही, हा प्रश्न मागेच पडला.

लघुलेखिकाबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "‘सांगता येणार नाही’ बरोबर आहे. ‘आठवत नाही’ घालू नकोस, तो तसा माणूस वाटत नाही." ज्यांनी कादंबरी म्हणून काही वाचायला घेतलं नव्हतं, त्यांनी पात्र ओळखलं.

१९ जानेवारी २०२५

हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केलं आणि त्यातून कादंबरी हप्त्याहप्त्यानं दिली. पुढच्या अंकाची तारीख लेखकाची मनःस्थिती विचारत नाही. मैत्रिणीशी तसाच करार केलाय: दर रविवारी एक प्रकरण तिच्याकडे गेलंच पाहिजे, जसं असेल तसं. तिनं अभिप्राय द्यायचा नाही, फक्त कुठे चाळलं तेवढंच कळवायचं.

२ मार्च

आठवं प्रकरण रविवारी गेलं. तिचं उत्तर: "कुठेच नाही." मी ते दोनदा वाचलं आणि लगेच उजव्या पानावर लिहिलं, ‘ती मैत्रीण आहे म्हणून’. हे पान मोठं इमानी आहे, एकही संधी सोडत नाही.

१३ एप्रिल

सगळी कादंबरी मोठ्यानं वाचून काढली. डोळे जे माफ करतात ते जीभ करत नाही. ‘होता’वर संपणाऱ्या लागोपाठच्या वाक्यांची रांगच सापडली. सुमनचं बोलणं आणि माझं निवेदन कुठे कुठे एकाच आवाजात होतं, तिथं निवेदन कोरडं केलं. तीन ठिकाणी पात्र ‘खिडकीतून बाहेर बघत’ होतं. आता एकालाही बघू देत नाही.

२० एप्रिल

दीड पानी पत्र लिहिणाऱ्या संस्थेलाच पुन्हा पाठवलं. सोबत एक परिच्छेद, भावाबाबत काय बदललं त्याचा. आभाराचं एकच वाक्य ठेवलं. जास्त घातली तर गळ्यात पडल्यासारखं होतं.

६ जून

उत्तर नाही. नवं काही सुरू करायचं धाडस होत नाही, पण एका टंकलेखन संस्थेवरची टिपणं काढायला लागलेय. कादंबरी नव्हे. टिपणं.

११ जुलै

संपादकांचा फोन. घ्यायचा विचार आहे, पण दोन अटी. सहावं प्रकरण अर्ध्यावर आणायचं, आणि शेवटचं प्रकरण काढायचं. त्यांच्या मते मधुकरच्या साक्षीपाशी कादंबरी संपते.

शेवटच्या प्रकरणात सुमनची स्वतःची साक्ष तिला वाचून दाखवतात. साक्ष संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवायची आणि बरोबर असल्याचं कबूल करून घ्यायचं, ही रीत. सुमननं जन्मभर हे काम केलं, आता ऐकायची पाळी तिची. मजकुरातलं एक वाक्य ती बोललेलीच नाही, न्यायाधीशांनी सांगताना ते जरासं बदललंय. तिला ते कळतं. ती दुरुस्त करून घेत नाही आणि सही करते. त्या वाक्यानं मधुकरची बाजू थोडी बळकट होते.

गेल्या वर्षी हा फोन आला असता तर बोलणं संपायच्या आत प्रकरण काढून टाकलं असतं. आज "मला चार दिवस द्या" म्हटलं.

१४ जुलै

सहाव्याबद्दल ते बरोबर आहेत. वकिलाच्या कचेरीतला पूर्वार्ध गेला, उरलेलं घट्ट झालं. हे काम दोन बैठकांत झालं, म्हणजे तो भाग आधीच सुटा होता.

शेवटच्या प्रकरणाबाबत डाव्या पानावर प्रामाणिकपणे लिहून बघितलं. ते फक्त मला आवडतं म्हणून ठेवतेय का? मधुकरच्या साक्षीपाशी थांबलं तर वाचकाला मधुकर कळतो, पण सुमनला तो कळला की नाही ते राहतं. दारातून परत जाणाऱ्या भावाबद्दल तिचं उत्तर म्हणजे ते न दुरुस्त केलेलं वाक्य. ते काढलं तर कादंबरी मधुकरची होते. एका बाबतीत मात्र त्यांचा आक्षेप रास्त आहे: सहीनंतर मी दीड पान लिहिलंय, सुमन पायऱ्या उतरते वगैरे. ते दीड पान गेलं.

१५ जुलै

संपादकांना पाठवलेलं उत्तर, नोंदीसाठी:

‘सहावं प्रकरण तुम्ही सुचवल्याप्रमाणे निम्मं केलं आहे. शेवटचं प्रकरण ठेवावं असं मला वाटतं. कारणं सोबत लिहिली आहेत. ते आता सहीपाशी संपतं, त्यामुळे कृपया नवी प्रत वाचून ठरवावं. तरीही ते नकोच असं तुमचं मत असेल तर बोलू, पण त्या परिस्थितीत पुस्तक मागे घेण्याचा विचार मला करावा लागेल.’

शेवटचं वाक्य पाठवण्याआधी तीनदा खोडलं नि पुन्हा घातलं. उजव्या पानावर आज बरंच काही आहे.

उद्या: सहाव्याच्या कापाकापीमुळे सातव्यातले दोन संदर्भ लटकलेत, वकिलाचा फोन आणि पावती. ते जोडायचे. रविवारचं प्रकरण मैत्रिणीला सातवंच पाठवायचं.